टाक्यायले हात लावायचा नाई

सहा चाळीस! सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं, तुमाले सांगते, तिथून हे लचांड माझ्या मागं लागलं, ते आज मी या दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहिली तरी सुटलं नाई... सरका वं ताई जराशा, पोट्टीले टेकू द्या. हां. तं सहा चाळीस मले काहून ठावं, का आमचे हे काळीपिवळी चालवतात, परतवाडा ते धारणी, अन् सहा चाळीसले त्यायचा हॉर्न वाजला का साऱ्या गल्लीनं घड्याळ लावून घ्यावं! तिकडं हॉर्न वाजला अन् इकडं मोरीवर माझ्या पोट्टीनं चूळ थुकली, अन् ती चूळ... लाल! आता मले सांगा, कोणत्या आईचं काळीज जागेवर राहीन? म्या हातातली परात सोडली. परात गेली गरगरत आंगणात, कोंबड्या पळाल्या, सासू आली धावत, अन् पोट्टी आपली आरशात पाहून दात दाखवून राहिली, "आई, पाह्य! मी पान खाल्लं!"

पान खाल्लं म्हणे! इकडं माझ्या मनात एकच... टाके उघडले!

तुमी मघापासून हिच्या ओठाकडं पाहूनच राहिल्या. पाहा नं, लपवायचं काय त्यात? ही माझी दीक्षा, तिसरीत हाय. जन्मली तवा वरचा ओठ नाकापर्यंत उघडा, आतमधी हिरडी दुभंगलेली, अन् टाळूले भोक. दूध पाजलं का अर्धं नाकातून बाहेर! अकोल्याले दोन ऑपरेशनं झाली, आधी ओठ शिवला, मग टाळू. अन् टाळूचं झालं तवा तो डॉक्टर, उंच होता, आवाज असा जाडाभरडा, मले दारात उभी करून म्हणे, "हे पहा बाई, टाक्यांना हात लावायचा नाही. बोट नाही, चमचा नाही, ब्रश नाही. काही म्हणजे काही नाही. लक्षात राहील?" राहील म्हणजे? सातवी शिकली मी, पण एकदा कानात गेलं ते गेलं! तवापासून आमच्या घरात एकच कायदा... हात लावायचा नाई म्हणजे नाई!

अन् कायदा असा पाळला, तुमाले सांगते, का पोलिसायनं पाळला नसन! पोलिओचा डोस पाजाले बाई आली, तिनं पोट्टीचे गाल दाबाले हात काढला, म्या मधी! "दुरून टाका!" थे म्हणे, "दुरून कसा टाकू वं, कुंडीतलं झाड हाय का?" म्हटलं, तसंच समजा! शाळेत फोटोवाला आला, "बेटा, हनुवटी थोडी वर," म्हणून बोट लावाले गेला, म्या खिडकीतून ओरडली, फोटोत साऱ्या वर्गाच्या माना खिडकीकडं हायेत, आजही पाहा! माझी सासू, शकुनबाई, नातीचा पापा घ्याले तरसे बिचारी. "कपाळाचा घ्या," म्हटलं. "कानाचा घ्या." सासू म्हणे, "कानाचा कोणी पापा घेते काय वं?" पण घेतला बिचारीनं. कानाचाच घेतला.

अन् दात घासायचं? घासत होतो नं! रोज! खालचे सारे, बाजूचे सारे, आतले सारे... फक्त वरचे पुढचे सोडून. आमचे हे घाटात गाडी चालवताना गड्डा कसा चुकवतात, डावीकडून काढली, उजवीकडून काढली, तसा आमचा ब्रश त्या जागेवरून वळसा घालून जाये. तिथं एक दात वाकडा, एक त्याच्या मागं लपलेला, मधी फट, चहातलं बिस्कुट जाऊन तिथं बसलं का दुपारपर्यंत मुक्काम. पण हात लावायचा नाई म्हणजे नाई!

काय म्हणता? लेकरू मोठं झालं, आता तरी लावायचा होता? वा! लावायचा कसा, कोणी सोडवलं का पथ्य? आता तुमी बायका हायेत, तुमाले समजन. आमच्या घरी बाळंतिणीचं पथ्य ज्यानं लावलं त्यानंच सोडवायचं असते. सासूनं वांगं बंद केलं, तं सासूच आपल्या हातानं वांग्याच्या भाजीचं बोट चाटवन, तवा वांगं सुरू. तोवर शेजारीण म्हणो, नवरा म्हणो, वांगं ताटात येत नाई! माझं तं दीक्षाच्या बाळंतपणाचं वांगं सासू इसरूनच गेली होती, पोट्टी रांगाले लागली तरी मी वांगं खाल्लं नाई, तवा एक दिवस तिलेच आठवलं. मंग डॉक्टरचं पथ्य डॉक्टरनं नोको का सोडवाले? तो उंच डॉक्टर बदलून गेला दुसऱ्या गावाले. त्याच्या जागेवर आले त्यायनं लांबूनच पाहिलं, "छान भरलंय, छान," म्हणे. छान म्हणे! पण हात लावा असं म्हटलं का? नाई! मंग माझी काय चूक?

तं त्या सकाळी सहा चाळीसले आमच्या आंगणात सभा भरली. ह्यायनं भरलेली गाडी गल्लीतच उभी केली अन् धावत आले, तं मागून दोन पॅसिंजरही उतरून आले पाहाले! सासू म्हणे, "थांब, माझं मंजन लावते, काळं. माझे दात पाह्य, लोखंड!" आता सासूच्या मंजनात अर्धा तंबाखू, अन् दात उरले दोन! म्या म्हटलं, "आई, दूर. हात लावायचा नाई!" एक पॅसिंजर म्हणे, "तुरटी." दुसरा म्हणे, "लवंग." तेवढ्यात कुंपणावरून आमची शेजारीण माणिकबाई, थे तं वाटच पाहून राहिली असते, "म्या तवाच म्हटलं होतं वं रागिणी, तू ग्रहणात भेंडी चिरली असशीन. ओठ फाटला तो त्याच्यानंच, अन् आता रक्तही त्याचंच." झालं! माझ्या सासूनं पदर खोसला. "ए माणके! आमी विहारात जाणारी माणसं, आमच्या घरी ग्रहण-फिरण पाळत नाई! डॉक्टर म्हणते ते पाळतो आमी!" अन् आमचे हे, परत गाडीजवळ जाऊन आरसा पुसता पुसता, हळूच काय म्हणतात? "पाळतो खरं. पण तुमचं हे हात न लावणं म्हणजे ग्रहणच झालं, फक्त सुटायची वेळ कोणी सांगितली नाई."

असे बोलतात पाहा! दिवसभर तोंडातून शब्द नाई, अन् बोलले का असं!

पण मनातलं खरं भ्याव मी कोणाले सांगितलं नाई. भ्याव असं का, अकोल्याले त्याच महिन्यात तपासणी होती. हिचं तिसरं ऑपरेशन राहिलं हाय. हिरडीत ती फट हाय नं, तिच्यात कमरेचं थोडंसं हाड काढून भरतात. हो हो, कमरेचं! सासू तं ऐकून खालीच बसली होती, "कमरेचं तोंडात? अन् मंग कमरेत काय भरतात?" तं ते भरलं का वरून येणाऱ्या सुळ्याले धराले जागा होते, नाकालेही आधार येते. अन् ते वेळेतच झालं पायजे, सुळा उतरायच्या आधी. सुळा काय कोणासाठी थांबते? तो आपला येऊन राहिला वरून! आता टाकेच उघडले असन तं? मंग पहिल्यापासून सारं? ते लेकराले उपाशी ठेवणं, ते आत नेणं, ते दार बंद होणं... नोको बापा.

निघालो अकोल्याले. यष्टीत पोट्टीले म्हटलं, बोलायचं नाई, हासायचं नाई, तोंड बंद. थे बिचारी साऱ्या रस्त्यानं तोंड फुगवून बसली. बाजूची म्हातारी इचारे, "मुकी हाय काय वं?" तं ही तोंड बंद ठेवूनच मान हलवते, नाई नाई!

आत गेलो. तिथल्या सर्जननं बॅटरी लावली, ओठ उचलला... उचलला! सरळ बोटानं! माझा जीव टाळूले लागला. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, म्हणे, "टाके छान आहेत. टाळू बंद आहे. काही उघडलेलं नाही." म्या पदर डोळ्याले लावला, हासावं का रडावं कळे नाई. तं म्हणे, "पण हाड भरता येणार नाही." माय वं! "काहून?" तं म्हणे, "हिरड्या पहा ना, किती सुजल्यात. दातांवर थर साचलाय. अशा हिरडीत हाड भरलं तर जंतू लागून ते वाया जाईल, मुलीचा त्रास फुकट. आधी अमरावतीला दातांच्या डॉक्टरांना दाखवा, हिरडी चांगली करून आणा, मग तारीख देऊ." म्या म्हटलं, "साहेब, सुळा?" तं म्हणे, "म्हणूनच तर सांगतोय, वेळ घालवू नका."

बाहेर येऊन ऑटोत बसलो. ऑटोवाला इचारून राहिला, "जठारपेठ का स्टँड?" अन् मी म्हणते, "सुळा!" पोट्टीनं मंग हळूच तोंड उघडलं. "आई, आता बोलू का?" बोल बाई, बोल. टाके जागेवर हायेत, तुझ्या आईचंच काही जागेवर नाई.

तं अशी आली मी पहिल्यांदा इथं अमरावतीले, याच बाकड्यावर बसली होती. आत डॉक्टरीण, माधवी मॅडम, आपल्याएवढीच असन वयानं. पोट्टीले खुर्चीत झोपवलं, दिवा लावला, ओठ उचलला, अन् मले म्हणे, "ताई, इथे शेवटचा ब्रश कधी केला होता?" म्या पदराचं टोक बोटाले गुंडाळलं. "आठवड्यात?" म्या नाई म्हणून मान हलवली. "महिन्यात?" म्या म्हटलं, "मॅडम, तिथं हात लावायचा नाई."

"कोण म्हणालं?"

"तुमीच."

"मी? मी तर आज पहिल्यांदा पाहतेय तुम्हाला!"

"तुमी म्हणजे डॉक्टरनं. तुमी सारे एकच नं!"

"कधी सांगितलं?"

"ही मांडीवर होती तवा."

तुमाले सांगते, त्या बाईनं हातातला आरसा खाली ठेवला. मंग म्हणे, "अहो ताई, ते टाके भरेपर्यंत होतं. दोन-तीन आठवडे. नंतर तर उलट इथंच जास्त घासायचं! दात वाकडे, मधे फट, वरचा ओठ ताठ, अन्न इथंच अडकतं. बाकीच्या तोंडापेक्षा इथं दुप्पट लक्ष द्यायचं." दोन-तीन आठवडे! अन् मी पोट्टी तिसरीत गेली तरी पहारा देऊन राहिली! म्हटलं, "मंग तवाच का नाई सांगितलं, का इतके दिवस नाई अन् मंग हो? टाइम सांगाले काय जाते? आमी काय डॉक्टरच्या पोटात शिरून पाहावं?" मी लय बोलली त्या दिवशी. ज्यानं सांगितलं तो तिथं नाई, समोर बसली त्या मॅडमचा काही गुन्हा नाई, तरी बोलली. अन् ती ऐकून घेत होती, शांत. मंग म्हणे, "बरोबर आहे तुमचं. शेवट सांगायला पाहिजे होता." असं म्हटल्यावर मंग भांडावं कसं? माझं सारं पाणीच झालं. म्या म्हटलं, "मॅडम, तं आता तुमीच सोडवा. तुमच्या हातानं."

तिले काही कळलं नाई. "काय सोडवू?" मंग तिले वांग्याचं सांगितलं, सासूचं सांगितलं. थे इतकी हासली, इतकी हासली, का खुर्चीत पोट्टीही हासाले लागली, तोंड उघडंच! अन् मंग तिनं काय करावं? एक लहान डोक्याचा, मऊ ब्रश काढला, माझ्या हातात देला, माझ्या हातावर आपला हात ठेवला, दुसऱ्या हातानं ओठ उचलला, अन् म्हणे, "चला ताई. सुटलं." अन् आमी दोघींनी मिळून त्या जागेवर ब्रश ठेवला. पोट्टी म्हणे, "आई, गुदगुल्या होऊन राहिल्या." गुदगुल्या! मले वाटे किंचाळन, अन् हिले गुदगुल्या!

घरी आलो तं नवा तमाशा. पहिल्या दिवसात रक्त कमी व्हाले पायजे नं? जास्त आलं! सासू म्हणे, "बंद कर वं! म्या म्हटलंच होतं, हात लावायचा नाई!" आता पाहा, माझंच वाक्य माझ्यावर! पण मॅडमनं आधीच सांगितलं होतं, सुजलेली हिरडी सुरुवातीले रक्त देते, म्हणून घासणं सोडायचं नाई, हलक्या हातानं करायचं, अन् थांबत नसन तं दाखवाले या. तं मी पोट्टीले दारात उजेडाले घेऊन बसे, तिचं डोकं माझ्या मांडीवर, ओठ उचलायचा, वाकड्या दाताच्या पुढून, मागून, हिरडीच्या कडेकडेनं. रोज सकाळी, रोज झोपताना. सासू बाजूले उभी राहून डोळे झाकून घे. "झालं का वं?" "नाई." "आता झालं?" "नाई व आई!" अन् हे गाडीतून ओरडत, "सुटलं का ग्रहण?"

अन् एक दिवस चूळ पांढरी आली. पांढरी फेक! म्या ती सासूले दाखवली, ह्यायले दाखवली, माणिकबाईले कुंपणावरून बोलावून दाखवली. थे म्हणे, "थुंकी काय दाखवते वं, येडी झाली काय?" झाली येडी, म्हटलं. तुले काय समजते!

मागच्या आठवड्यात अकोल्याले जाऊन आलो. सर्जननं ओठ उचलला, अन् या वेळी मीच म्हटलं, "नीट उचला साहेब, आतपर्यंत पाहा." पाहिलं. हिरडी दाबून पाहिली. म्हणे, "शाब्बास. कोण घासतं?" पोट्टीनं माझ्याकडं बोट केलं. तारीख भेटली बाई! उन्हाळ्याच्या सुट्टीतली. सुळ्याच्या आधी. तरी रात्री झोप येत नाई, ते दार बंद होणं आठवते... पण हाड टिकन म्हणतात. हिरडी चांगली हाय म्हणतात. तेवढं तं माझ्या हातचं होतं, ते झालं.

मंग आज काहून आली म्हणता? तेच तं सांगून राहिली! आज फक्त मॅडमले दाखवाले आली होती, का पाहा, तारीख भेटली. आनंदानं सांगाले गेली, चांगलं तोंड भरून हासली, तं ही पोट्टी, ही! खुर्चीजवळ उभी राहून काय म्हणते? "मॅडम, माझ्या आईची हिरडी पाहा नं. माझ्यापेक्षा लाल हाय. थे बोटानं मंजन फिरवते अन् पळते. म्या घरी ओठ उचलून पाहिलं, झोपली होती तवा."

झोपेत! आईचा ओठ! अन् मॅडमनं दिवा माझ्याकडं फिरवला, "आ करा ताई," म्हणे, अन् पाहिलं, अन् "अरे अरे अरे" म्हणे. तीनदा म्हणे! इतके दिवस साऱ्या घराचे डोळे लेकराच्या तोंडात, माझंही तोंड हाय हे मलेच ठावं नव्हतं. दोन दाढा हालतात म्हणे. सारं साफ करावं लागन म्हणे. "बाहेर बसा, नंबर येईल." तं बसली हो. तुमाले वाटलं पोट्टीचा नंबर हाय? नाई बापा. पोट्टी मले घेऊन आली.

काय? रागिणी तायडे? आली, आली वं!... घाबरत नाई हो मी, कोण घाबरते? दिकू, तू इथंच राहा... नाई, आतच चाल. हात धर. अन् ऐका, तुमी साऱ्या जणी, एवढंच सांगून जाते. तुमच्या गावात, नात्यात, कुठं ओठाचं-टाळूचं लेकरू असन, तं त्याच्या आईले सांगा, टाके भरले का डॉक्टरले सोताहून इचार, "आता ब्रश लावू का, कधीपासून लावू?" उत्तर घेतल्याशिवाय दारातून हालू नोको. अन् मंग मऊ ब्रशनं ओठ उचलून घास, वाकड्या दाताच्या मागं-पुढं, रक्त दिसलं तं ब्रश फेकू नोको, दवाखान्यात ये. धारणीपर्यंत सांगा, तिकडच्या बायायले कोण सांगते? मीच सांगितलं असतं काळीपिवळीत बसून, साऱ्या रस्त्यानं, पण आता ही बाई माझ्या तोंडात कापूस कोंबणार, अन् मले एक शब्द बोलता येणार नाई... तं सांगान नं? सांगा बापा, तुमचं तोंड तं मोकळं हाय.